सस्पेन्शन बदलायचं की नाही? पार्ट मागवण्याआधीचा हिशोब

गाडी वळणावर डुलते म्हणून स्प्रिंगा बदलायला निघालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो: डुलते म्हणजे नेमकं काय होतं? ब्रेक मारला की नाक खाली जातं? स्टिअरिंग वळवलं तरी गाडी क्षणभर उशिरा ऐकते? वळणाच्या मध्यावर पुढची चाकं बाहेर सरकत जातात? की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक नुसतंच गरगर फिरतं? या चार तक्रारींची औषधं चार वेगळी आहेत, आणि त्यातल्या निदान दोन तक्रारींना स्प्रिंगा बदलून फारसा गुण येत नाही. तरीही आपण आधी पार्ट पसंत करतो आणि मग त्याला शोभेल अशी तक्रार शोधत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मीही हेच केलं होतं. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घेतल्या, शॉकअप मूळचेच ठेवले. उभी असताना गाडी देखणी दिसायची. गुळगुळीत रस्त्यावर पहिले दोन दिवस वाटलं, जिंकलो. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या एका खडबडीत वळणावर मागचा भाग असा उडाला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून सुटला. त्या वळणातून मूळ स्प्रिंगांवर मी जास्त वेगाने जात होतो. असं का झालं हे कळायला बरेच महिने लागले, आणि खालचा बराचसा मजकूर त्या महिन्यांतला आहे.

शब्दांचं एक आधीच स्पष्ट करतो. गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात त्यालाच मी पुढे डॅम्पर म्हणणार आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगेची हालचाल आवरण्याचं काम डॅम्परचं. या दोघांची कामं एकमेकांत मिसळली की सगळा हिशोब चुकतो.

पहिली पायरी: तक्रार एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कुठे, वळणाच्या कुठल्या क्षणी, आणि पुढची चाकं की मागची. ‘लांब, वेगवान वळणात मध्यावर पुढची चाकं पकड सोडतात’ हे उपयोगी वाक्य आहे. ‘गाडी जरा टाइट व्हायला हवी’ या वाक्यावर कुणीही काहीही विकू शकेल.

वळणाचे तीन भाग करून पाहिलं की बरंच उलगडतं. शिरताना, म्हणजे स्टिअरिंग फिरत असताना आणि गाडी कलत असताना, डॅम्परचा प्रभाव सगळ्यात जास्त असतो. मध्यावर गाडी कलून स्थिर झालेली असते. डॅम्परची हालचाल जवळपास थांबलेली असते आणि कारभार स्प्रिंगा, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, कलणं रोखणारा दांडा), टायर आणि चाकांच्या कोनांच्या हाती जातो. बाहेर पडताना ॲक्सिलरेटर आणि डिफरन्शिअलचा (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचा) खेळ सुरू होतो. त्यामुळे मध्यावरच्या तक्रारीसाठी कुणी महागडे डॅम्पर सुचवत असेल तर कारण विचारा.

रस्त्यावरच्या तक्रारीही याच पद्धतीने लिहा. एकच बारीक, कडक गचका आणि उंचवट्यावरून गेल्यावर दोन-तीन वेळा होणारं वर-खाली, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात टायरची बाजू फार बुटकी असेल, चाक जड असेल किंवा डॅम्पर जलद हालचालीत फार कडक असेल. दुसऱ्यात डॅम्पर थकलेला असतो, नाहीतर स्प्रिंगेला पुरत नसतो.

आणि खरी तक्रार ‘चाक आणि मडगार्डमधली फट वाईट दिसते’ अशी असेल तर तेच लिहा. त्यात कमीपणा नाही. फक्त मग हाताळणी सुधारण्याच्या नावाखाली खर्च करू नका. हाताळणी जेमतेम बिघडेल इतपतच गाडी खाली घ्या.

दुसरी पायरी: मूळ सस्पेन्शन अजून मूळ आहे का?

नव्या पार्टची तुलना आपण कशाशी करतो? आठ वर्षं आणि ऐंशी हजार किलोमीटर झिजलेल्या सस्पेन्शनशी. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्परचा एकत्र, उंची बदलता येणारा सेट) बसवून ‘केवढा फरक पडला!’ म्हणणाऱ्यांच्या आनंदातला बराच वाटा नुसत्या नवेपणाचा असतो. तो वाटा कंपनीचेच नवे डॅम्पर घालूनही मिळाला असता.

गाडी लिफ्टवर घ्या. डॅम्परच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर निकाल लागलाच. नुसतं धुळीचं पातळ, ओलसर आवरण असेल तर लगेच घाबरू नका, पण लक्ष ठेवा. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशना (सांध्यातल्या रबरी तुकड्यांना) टॉमीने हलकं रेटून पाहा. रबराला चीर गेली असेल किंवा ते धातूपासून सुटलं असेल तर ब्रेक मारताना चाकाचा कोन आपला आपण बदलत असतो. बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या टाय रॉडचे टोक, अँटी-रोल बारचे लिंक रॉड, स्ट्रटचे (चाकाला आधार देणाऱ्या डॅम्परच्या उभ्या खांबाचे) वरचे माउंट हे सगळं याच फेरीत बघून घ्या. खडखड आवाजाचं मूळ बहुधा लिंक रॉडमध्ये सापडतं, आणि तो साऱ्या सस्पेन्शनमधल्या स्वस्त पार्टांपैकी एक आहे.

बॉनेटवर जोर देऊन गाडी किती वेळा उसळते ते मोजण्याची जुनी पद्धत परफॉर्मन्स गाडीला कामाची नाही. हाताच्या जोराने डॅम्पर फार सावकाश हलतो, त्यात सील आणि बुशचं घर्षणच जास्त जाणवतं. पार मेलेला डॅम्पर तेवढा त्यात पकडला जातो, अर्धमेला निसटतो.

एक चूक चांगल्या चांगल्या मेकॅनिककडून होते. रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेले असतात. आर्म हलला की रबर पिळवटतं. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केला, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत अडकतं. बुश लवकर फाटतो, गाडीची उंची किंचित बदलते आणि सस्पेन्शन उगाच कडक वाटतं. हे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच्या उंचीवर घट्ट करायचे. कुणी अलीकडेच आर्म बदलले असतील तर ते सगळे सैल करून पुन्हा नीट घट्ट करून घ्या. तक्रार तिथेच मिटलेली मी पाहिली आहे.

तिसरी पायरी: टायर, हवा आणि कोन

सस्पेन्शनचं सगळं शहाणपण शेवटी चार टायरांतून रस्त्यावर उतरतं. रबर कडक झालेला, जुना किंवा साधा टायर असेल तर त्याच्यावर बसवलेला कुठलाही डॅम्पर पकड निर्माण करू शकत नाही. म्हणून टायर आधी. जमलं तर मूळ मापाचं, पण हलकं चाक घ्या. आधी दोन इंच मोठी, जड चाकं आणि बुटके टायर घालायचे, आणि मग गचके बसतात म्हणून डॅम्पर शोधायचे, हा उद्योग मी इतक्यांदा पाहिलाय की आता विचारलं तरच बोलतो.

मग कोन. परफॉर्मन्स गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं, म्हणून थोडं सविस्तर बघू.

समजा गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. फोर्डचे अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना सुटसुटीत आणि स्वस्त, म्हणूनच सर्वत्र दिसते. तिची एक उणीव आहे: गाडी कलली की बाहेरचं चाकही जवळपास तेवढंच बाहेर कलतं. जोरकस वळणात गाडी साडेतीन अंश कलली आणि सस्पेन्शनच्या रचनेने त्यातला एक अंश परत मिळवून दिला असं धरू. अलाइनमेंटमध्ये कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणे १ (वरचं टोक आत) असेल, तर वळणात बाहेरचं चाक रस्त्याशी अधिक दीड अंशावर उभं राहतं, म्हणजे टायर बाहेरच्या कडेवर चालतो. हाच कँबर उणे अडीच केला तर तोच टायर त्या वळणात सपाट टेकतो. स्प्रिंग तीच, डॅम्पर तोच, आणि ‘पुढची चाकं पकड सोडतात’ ही तक्रार बरीच विरून जाते.

ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या स्ट्रटच्या गाड्यांना पुढे उणे २ ते ३ अंश कँबर ही नेहमीची गोष्ट आहे. स्ट्रट हबला दोन बोल्टांनी जोडलेला असेल तर त्यातला एक बोल्ट कँबर बोल्टने बदलून साधारण एक-दीड अंश मिळू शकतो. त्याहून जास्त हवा असेल तर वरची कँबर प्लेट. रोजच्या वापरात टायर आतून झिजेल ही भीती थोडी खरी आहे, पण टायर खरा खातो तो चुकीचा टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन. कँबर बदलला की टो बदलतोच, त्यामुळे टो पुन्हा लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

अंदाजावर जाण्यापेक्षा तपमान मोजा. ट्रॅकवरून थेट आत या आणि सुई टोचणाऱ्या पायरोमीटरने प्रत्येक टायरचं आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तपमान लगेच टिपा. लांबून किरणांनी मोजणारा थर्मामीटर वरचा पृष्ठभाग सांगतो, आणि तो काही सेकंदांत निवतो. आतली बाजू थोडी जास्त तापलेली असणं ठीक. बाहेरची बाजू आतल्यापेक्षा गरम असेल तर कँबर कमी पडतोय. मधला पट्टा दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे, थंड असेल तर कमी. या तपासणीनंतर निम्म्या लोकांची खरेदी पुढे ढकलली जाते असा माझा अनुभव आहे.

चौथी पायरी: कंपनीने ते तसं का ठेवलंय?

‘स्टॉक म्हणजे स्वस्तातलं’ हा समज साध्या गाडीपुरता कधी कधी खरा असतो. परफॉर्मन्स गाडीत तो बहुधा महागात पडतो. २०१४च्या शेव्हरले कमॅरो झी/२८मध्ये मल्टिमॅटिक कंपनीचे स्पूल व्हॉल्व्ह डॅम्पर कारखान्यातूनच आले होते. २०१७च्या होंडा सिव्हिक टाइप आरला पुढे दोन अक्षांचा वेगळा स्ट्रट आहे, जोर लावताना स्टिअरिंग हातातून ओढलं जाऊ नये म्हणून. रेनॉ मेगान आरएसच्या २०१८च्या पिढीत डॅम्परच्या आतच हायड्रॉलिक बंप स्टॉप (पूर्ण दबण्याआधी हालचाल अडवणारे भाग) आहेत. हे तंत्र रॅलीतून आलं. २०२१च्या पोर्शे ९११ जीटी३ला तर पुढचा स्ट्रट काढून डबल विशबोन (वर आणि खाली अशा दोन आर्मनी चाक धरणारी रचना) दिलं. अशा गाडीवर सरसकट मिळणारी कॉइलओव्हर चढवणं म्हणजे बहुतेक वेळा पायरी उतरणं.

बुशच्या बाबतीत तर जास्तच जपून. पोर्शे ९२८ १९७७मध्ये आली तेव्हा तिच्या मागच्या ‘वायझाख’ ॲक्सलमधली लवचीकता मुद्दाम योजलेली होती: वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला तर मागची चाकं बाहेर वळण्याऐवजी किंचित आत वळायची, आणि गाडीचा मागचा भाग सुटत नसे. बुशच्या मऊपणाचा असा वापर आता बऱ्याच गाड्यांच्या मल्टी-लिंक (अनेक दांड्यांनी चाक धरणाऱ्या) सस्पेन्शनमध्ये असतो. तो मऊपणा आळस समजून तुम्ही सगळीकडे कडक पॉलियुरेथेन ठोकलंत, तर कुणीतरी वर्षभर खपून बसवलेली ती सुरक्षितताही काढून टाकता.

अर्थात कंपनीचे हातही बांधलेले असतात. चार माणसं आणि सामान घेऊन, कडक थंडीत, खड्ड्यांतून, लाखभर किलोमीटर आवाज न करता गाडी चालली पाहिजे. आणि नवख्या चालकाने घाबरून पाय सोडला तरी ती फिरू नये. म्हणून पुढची चाकं आधी पकड सोडतील अशीच ती लावलेली असते. तुम्ही बहुतेक वेळा एकटे चालवत असाल, गाडी महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जात असेल आणि आवाज चालत असेल, तर कंपनीने राखलेल्या या जागेत बदलाला खरोखर वाव आहे. तो वाव किती, हे आता आकड्यांत पाहू.

पाचवी पायरी: चार आकडे मांडा

पहिला आकडा चाकाशी मिळणारा कडकपणा. स्प्रिंगेवर छापलेला आकडा चाकाला जसाच्या तसा मिळत नाही. चाक १० मिमी उचललं तेव्हा स्प्रिंग ७ मिमी दबत असेल तर गुणोत्तर ०.७, आणि कडकपणा त्याच्या वर्गाने कमी होतो: ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९. मिलिमीटरला ६० न्यूटनची स्प्रिंग चाकाशी जेमतेम २९ची राहते. स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर एकाच्या जवळ असतं, विशबोन आणि मल्टी-लिंकमध्ये बरंच कमी. म्हणून ‘त्याच्या गाडीला अमुक किलोच्या स्प्रिंगा आहेत, मलाही त्याच द्या’ याला काही अर्थ नाही.

दुसरा आकडा वारंवारिता, म्हणजे गाडीचा तो कोपरा सेकंदाला किती वेळा वर-खाली होऊ पाहतो. चाकाशी असलेला कडकपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या, त्याला त्या कोपऱ्यावर स्प्रिंगेने पेललेल्या वजनाने (किलोत) भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ने भागा. ३५० किलो आणि मिलिमीटरला २५ न्यूटन असेल तर उत्तर येतं १.३५ हर्ट्झ. आरामाच्या गाड्या साधारण १ ते १.५मध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या १.५ ते २च्या आसपास. विंग नसलेली ट्रॅकची गाडी २ ते अडीचपर्यंत जाते. त्याच्याही वर जाण्याची गरज पडते ती हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या रेस कारना. कडकपणा दुप्पट केला तरी वारंवारिता १.३५वरून १.९वरच जाते. दुकानदार २.८ हर्ट्झ येईल असा सेट रोजच्या गाडीसाठी देत असेल तर नम्रपणे नकार द्या.

तिसरा आकडा ऐकून लोक नाराज होतात. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन जातं हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. १५०० किलोची गाडी, अर्धा मीटर उंची, १.५५ मीटर रुंदी आणि एक जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराचं) वळण धरलं तर सुमारे ४८४ किलो सरकतात. गाडी २५ मिमी खाली घेतली की ४६०. म्हणजे पाच टक्के फरक. कडक स्प्रिंगा आणि जाड बार ही बेरीज बदलत नाहीत. त्यातला किती वाटा पुढच्या ॲक्सलने उचलायचा आणि किती मागच्या, तेवढं बदलतात.

चौथा आकडा मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा: दबायला उरलेली जागा. समजा गाडी उभी असताना डॅम्परला बंप स्टॉपपर्यंत ६० मिमी जागा आहे. ३० मिमी खाली घेतली की निम्मीच उरली. बंप स्टॉपला न लागता तेवढाच दणका निम्म्या जागेत पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागेल, कारण साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा चौपट तर सोडाच, दुप्पटही कडक नसतात. मग गाडी बंप स्टॉपवर आदळते आणि त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कितीतरी वाढून टायर सुटतो. माझ्या त्या तिसऱ्या दिवसाचं कोडं हेच होतं.

ही जागा मोजणं सोपं आहे. डॅम्परचा दांडा उघडा असेल, किंवा धुळीची टोपी वर सरकवता येत असेल, तर त्याभोवती एक केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सिलिंडरला टेकवा. नेहमीच्या रस्त्यावर किंवा ट्रॅकवर जाऊन या. टाय जिथवर सरकला तिथवर डॅम्पर दबला. मूळ स्प्रिंगांवरच तो बंप स्टॉपला भिडत असेल तर गाडी आणखी खाली घेण्याचा विचार तिथेच सोडा. उलट्या बसवलेल्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) स्ट्रटमध्ये दांडा आत लपलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

सहावी पायरी: बदलायचंच ठरलं तर कुठून सुरुवात?

मध्यावर पुढची चाकं सरकतात आणि कोन लावून झाले आहेत, अशी तक्रार उरली असेल तर मागचा अँटी-रोल बार हा पहिला उमेदवार, विशेषतः पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत. बारचा पिळाला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: भरीव बार २०ऐवजी २२ मिमीचा घेतला की तो सुमारे ४६ टक्के कडक होतो. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात म्हणून सांगतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हाच उपाय अंगाशी येऊ शकतो; मागचं आतलं चाक हलकं होऊन बाहेर पडताना फिरत राहतं. शिवाय बार दोन चाकांना बांधतो, त्यामुळे एका बाजूच्या खड्ड्याचा झटका दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि डोकं डावं-उजवं हलतं.

एक गंमत पुस्तकी नियमाच्या उलट आहे. पुढचा बार कडक केला की पुढची पकड कमी होते, असं सांगतात. स्ट्रटच्या गाडीत कधी कधी ती वाढते, कारण गाडी कमी कलल्याने टायर सपाट राहतो आणि तो फायदा वजन सरकण्याच्या तोट्यावर मात करतो.

शिरताना गाडी सैल, उशिरा ऐकणारी वाटत असेल किंवा उंचवट्यावर झुलत असेल तर डॅम्पर. इथे क्लिकच्या संख्येला भुलू नका. एकच बटण असलेले बरेच डॅम्पर मुख्यतः उसळणं, म्हणजे रिबाउंड, बदलतात. स्वस्तातले दोन्ही दिशा एकत्रच बदलतात. विकणाऱ्याकडे प्रत्येक क्लिकचा डॅम्पर डायनोवरचा (डॅम्पर तपासण्याच्या यंत्रावरचा) आलेख मागा: पिस्टनच्या वेगाला किती बळ. डावी-उजवी जोडी सारखी आहे का, हेही त्यावर दिसतं. आलेख द्यायला टाळाटाळ झाली तर तुमचं उत्तर मिळालं. लक्षात घ्या, इथे वेग म्हणजे गाडीचा नाही, पिस्टनचा. गाडी कलते तेव्हा पिस्टन सावकाश हलतो, खड्ड्यात तो सुसाट हलतो. चांगला डॅम्पर पहिल्यात ताठ आणि दुसऱ्यात मवाळ असतो. म्हणूनच चांगली ट्यून केलेली गाडी कडक न वाटता ताब्यात वाटते.

स्प्रिंगा नुसत्या बदलणं मला पटत नाही. कडकपणा दुप्पट झाला की तिला आवरायला लागणारं डॅम्पिंग १.४१ पट होतं. जुना डॅम्पर तसाच ठेवला तर डॅम्पिंगचं प्रमाण, समजा ०.३५ असेल तर, ०.२५वर घसरतं आणि गाडी उसळत राहते. स्प्रिंग आणि डॅम्पर जोडीनेच ठरवा.

कॉइलओव्हर घेणार असाल तर उंची कशी बदलते ते पाहा. स्प्रिंगेची बैठक खाली-वर करून उंची बदलणाऱ्या प्रकारात गाडी खाली घेतली की दबण्याची जागा घटते. ज्यात खालचा आख्खा ब्रॅकेट आट्यांवर सरकतो, त्यात जागा शाबूत राहते. स्प्रिंग आधीच दाबून बसवली, म्हणजे प्रीलोड वाढवला, की ती कडक होते हा समज चुकीचा आहे. साध्या स्प्रिंगेचा कडकपणा तोच राहतो.

स्ट्रटची गाडी खाली घेतली की आणखी एक त्रास लपून येतो. लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. परिणामी गाडी खाली असूनही कलण्याची ओढ वाढते. टाय रॉडचा कोनही बिघडतो, मग खड्ड्यात चाकं आपणहून वळतात. हे सुधारणारे उंच बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक मिळतात. ते त्याच खर्चात धरा, नंतरची गोष्ट म्हणून नाही.

बुश शेवटी, आणि निवडून. अँटी-रोल बारचे किंवा पुढच्या आर्मचे ठीक. पण जो बुश दोन-तीन दिशांनी पिळला जातो, उदाहरणार्थ बऱ्याच ट्रेलिंग आर्मचा, तिथे पॉलियुरेथेन अडकतं आणि सस्पेन्शन मोकळेपणी हलू देत नाही.

इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असतील तर

मॅग्नेराइड पहिल्यांदा २००२मध्ये कॅडिलॅक सेव्हिलला आलं. त्याच्या तेलात लोहकण असतात आणि चुंबकीय क्षेत्राने काही मिलिसेकंदांत डॅम्परचा कडकपणा बदलतो. असे डॅम्पर काढून साधे बसवले की डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि ते गप्प करायला वेगळं मॉड्यूल लागतं. उंची बदलली की हेडलाइटचा सेन्सर आणि काही गाड्यांत पुढच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही पाहावं लागतं. माझं मत: असे डॅम्पर चालू स्थितीत असतील तर त्यांना हात लावू नका. कोन, टायर आणि फार तर बार, इथे थांबा. वॉरंटी, विमा आणि रस्त्यावरच्या बदलांचे नियमही आधी वाचून घ्या. अपघातानंतर वाचण्यात अर्थ नाही.

सातवी पायरी: बदलानंतर खरं-खोटं

एका वेळी एकच बदल. आधी मूळ अवस्थेत फेऱ्या, मग नव्या, मग पुन्हा मूळ. ही तिसरी फेरी सगळे टाळतात, आणि फसगत तिथेच होते: दिवसभरात चालक सुधारतो, ट्रॅकवर रबर बसतं, आणि श्रेय पार्टला जातं. बार किंवा डॅम्परच्या क्लिकसाठी मागे जाणं दहा मिनिटांचं काम आहे. इंधन, टायरची हवा आणि टायर तापेपर्यंतच्या फेऱ्या सारख्या ठेवा. खडबडीत भागावर जोरात ब्रेक मारूनही पाहा. फार कडक गाडीत चाक उडतं, एबीएस मध्ये पडतं आणि थांबायला उलट जास्त अंतर लागतं. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची २०.८ किलोमीटरची नॉर्डश्लायफ अशाच उंचवट्यांनी भरलेली आहे, आणि गुळगुळीत सर्किटवरचं ताठर सेटिंग तिथे चालत नाही.

कॉइलओव्हर बसवली असेल तर स्प्रिंगा बसेपर्यंत काही दिवस चालवा, मग उंची मोजा, तुमच्याइतकं वजन सीटवर ठेवून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवा, आणि अलाइनमेंट त्यानंतर. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. डॅम्परचे क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून मोजून लिहून ठेवा.

काढलेले मूळ पार्ट विकू नका. डावा-उजवा असं चिकटवून, नट-बोल्ट त्याच पिशवीत घालून, पहिल्या अलाइनमेंटचा कागद सोबत ठेवून कोरड्या जागी ठेवा. डॅम्पर शक्यतो उभे. माझे त्या ३० मिमीच्या प्रकरणानंतर एका दुपारी परत बसले. फक्त वरचे माउंट नवे घ्यावे लागले.